अजगराचा उपास आणि माणसाची घाई

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, त्यांत एक अजगर होता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला हे सांगतो आणि नाथांनी ते मराठीत आणून घरोघरी पोचवले. अजगराकडून काय शिकायचे? आपणहून जे समोर येईल ते घ्यायचे, गोड असो वा बेचव, थोडे असो वा पुष्कळ; आणि काहीच आले नाही तर तक्रार न करता पडून राहायचे. महाभारताच्या शांतिपर्वातही प्रल्हादाशी बोलणारा एक मुनी आपल्या या राहणीला ‘आजगर व्रत’ म्हणतो. एरवी आपण ‘अजगरासारखा सुस्त पडलाय’ असे म्हणतो ते शिवी म्हणून. पण ज्यांनी ही रूपके योजली, त्यांनी अजगराला नीट पाहिले होते, एवढे मात्र खरे. हा प्राणी एकदा जेवला की दिवसेंदिवस जेवत नाही, आणि उपास हा त्याच्या जगण्याचाच एक भाग आहे, हे त्यांना ठाऊक होते.

हे सांगायचे कारण असे, की माणसाने अजगराला पिंजऱ्यात ठेवायला सुरुवात केली तेव्हा ही साधी गोष्ट तो नेमकी विसरला. अजगर जेवत नाही म्हणजे तो आजारी आहे किंवा हट्टी आहे, असे त्याने ठरवून टाकले. मग कुणी जबरदस्तीने घशात घास कोंबला, कुणी पिंजऱ्यात जिवंत उंदीर सोडून दिला, कुणी हात टेकले. आज जगात सर्वांत जास्त पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक म्हणजे ‘बॉल पायथन’. या पश्चिम आफ्रिकेतल्या लहानशा अजगराच्या जेवणाचा इतिहास हा खरे तर माणसाच्या घाईचा आणि हळूहळू आलेल्या शहाणपणाचा इतिहास आहे.

आधी या सापाची ओळख करून घेऊ. सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंतच्या गवताळ आणि विरळ झाडीच्या पट्ट्यात तो राहतो. आपल्याकडचा अजगर दहा-बारा फुटांचा सहज होतो. हा मात्र तीन ते पाच फुटांचा, जाडजूड, तपकिरी-काळ्या नक्षीचा. दिवसा उंदरा-घुशींच्या बिळांत नाही तर वाळवीच्या वारुळांत दडून बसतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. घाबरला तर चावायला धावत नाही. डोके मध्ये लपवून अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून अमेरिकेत त्याला ‘बॉल पायथन’ म्हणतात. इंग्लंडमध्ये त्याचे नाव ‘रॉयल पायथन’. शास्त्रीय नाव ‘पायथन रेजियस’, म्हणजे राजस अजगर. ॲम्स्टरडॅमचा औषधविक्रेता आल्बर्ट सेबा याने देशोदेशींच्या चमत्कारिक वस्तूंचा मोठा संग्रह केला होता. त्याच्या सचित्र ग्रंथाचा पहिला भाग १७३४ साली निघाला, त्यात या सापाचे चित्र आले. पुढे १८०२ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले.

पण युरोपीय पंडितांनी नाव ठेवण्यापूर्वीच या सापाला त्याच्या मुलखात मोठा मान होता. आजच्या बेनिन देशात समुद्राकाठी विदा नावाचे गाव आहे. तिथे ‘दांग्बे’ या नावाने अजगराची पूजा होत असे. विलेम बोसमान हा डच व्यापारी सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे गेला होता. त्याचे पुस्तक १७०४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने एक हकिकत दिली आहे. एका डुकराने एक पवित्र साप लोकांच्या देखत खाऊन टाकला. पुजारी राजाकडे गेले, आणि राजाने राज्यातली सगळी डुकरे मारण्याचा हुकूम सोडला! साप मारणाऱ्या परदेशी माणसाचीही तिथे धडगत नसे.

१७२७ साली शेजारच्या दाहोमी राज्याने विदा जिंकले. विल्यम स्नेलग्रेव्ह हा गुलामांचा व्यापार करणारा इंग्रज कप्तान. त्याने १७३४ साली लिहून ठेवले आहे, की विजयी सैनिकांनी घराघरांतले हे अजगर मध्यावर धरून उचलले आणि ‘देव असाल तर बोला, स्वतःला वाचवा’ असे त्यांना बजावले. साप काही बोलले नाहीत. सैनिकांनी ते कापले, भाजले आणि खाल्ले. तरीही पूजा बुडाली नाही. विदा येथे आजही अजगरांचे मंदिर आहे, आणि त्याच्या समोरच ख्रिस्ती लोकांचे मोठे चर्च आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या मंदिरातली एक रीत महत्त्वाची आहे. तिथे सापांना ताटात वाढून खायला घालण्याचा खटाटोप करत नाहीत. ठरावीक दिवसांनी त्यांना रात्री मोकळे सोडतात. ते गावात हिंडतात, उंदीर पकडतात. सकाळी कुणाच्या घरात साप सापडला तर घरधनी त्याला अलगद उचलून मंदिरात परत आणून सोडतो. सापाला कधी, काय आणि किती खायचे हे सापावरच सोपवलेले. भक्तीतून आलेली ही रीत पुढच्या दोनशे वर्षांतल्या कित्येक प्राणिसंग्रहालयांपेक्षा अधिक शहाणपणाची होती.

आता युरोपकडे वळू. १८१७ साली ‘सीझर’ नावाच्या जहाजातून बोर्निओचा एक सोळा फुटी अजगर इंग्लंडला निघाला. जॉन मॅक्लिऑड या जहाजावरच्या डॉक्टराने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. प्रवासातली शिदोरी म्हणून सापासाठी सहा बकऱ्या जहाजावर घेतल्या होत्या. सगळे उतारू जमले आणि अजगराने बकरी कशी गिळली ते डोळे विस्फारून पाहत राहिले. पण इंग्लंड दिसण्याआधीच, सेंट हेलेना बेटाच्या अलीकडे, तो अजगर मेला. पोट फाडून पाहिले तेव्हा जंतांनी जठराच्या आवरणाला भोके पाडलेली आढळली. रानातून पकडून आणलेल्या सापाच्या पोटात काय काय असते, याची ही लवकर मिळालेली सूचना होती. तिच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही.

त्यानंतरची गोष्ट लंडनच्या टॉवरमधली. तिथे तेव्हा राजाचा प्राणिसंग्रह होता आणि आल्फ्रेड कॉप्स हे त्याचे रखवालदार होते. ते एकदा अजगराला कोंबडी द्यायला गेले. साप कात टाकण्याच्या बेतात होता. अशा वेळी त्याच्या डोळ्यांवरचे आवरण दुधाळ होते आणि त्याला नीट दिसत नाही. त्याने झेप घेतली ती कोंबडीवर न जाता कॉप्स यांच्या अंगठ्यावर गेली, आणि पाहता पाहता हातापासून गळ्यापर्यंत वेटोळे पडले. मदतनीसांनी सापाचे दात मोडून त्यांची सुटका केली म्हणून ते वाचले. १८२९ साली टॉवरच्या प्राण्यांवर निघालेल्या पुस्तकात हा प्रसंग आहे. त्या काळी तो सापाच्या क्रूरपणाची गोष्ट म्हणून सांगितला गेला. आज तो वाचताना वेगळेच दिसते. कात टाकण्याच्या दिवसांत साप सहसा जेवण नाकारतो, त्याला एकटे सोडायचे असते, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली खास सापांचे घर उघडले. अशा प्रकारचे ते जगातले पहिलेच. सापांना खायला घालणे हा तिथला एक खेळच झाला. जिवंत ससे, गिनीपिग, पाखरे पिंजऱ्यात सोडायची आणि लोकांनी काचेला नाक लावून पाहायचे. चार्ल्स डिकन्स यांनी हे दृश्य एकदा पाहिले आणि त्यांच्या मनाने त्याचा असा धसका घेतला, की टेबलाचे पायच साप झाल्याचा भास होतो, असे त्यांनी एका पत्रात लिहिले. वृत्तपत्रांतून वाद झडू लागले. १८९१ साली हेन्री सॉल्ट यांनी ‘ह्युमॅनिटेरियन लीग’ ही संस्था काढली, आणि तिनेही हा प्रश्न लावून धरला. हे तेच सॉल्ट, ज्यांचे शाकाहारावरचे पुस्तक लंडनमध्ये शिकणाऱ्या तरुण गांधीजींच्या हाती पडले होते.

सापाला जिवंतच भक्ष्य लागते, मेलेले तो शिवत नाही, असे प्राणिसंग्रहालयांचे नेहमीचे म्हणणे. हे म्हणणे पुढे खोटे ठरले. मेलेले भक्ष्य साप खातो. मात्र ते गरम असावे लागते आणि त्याला वास यावा लागतो. पण हे ‘गरम असावे लागते’ म्हणजे काय, ते समजायला १९३५ साल उजाडावे लागले. अजगराच्या ओठांच्या कडेने बारीक खळगे असतात. त्यांचा उपयोग काय, यावर पुष्कळ तर्क झाले होते. मार्गारेट रोस या जर्मन संशोधिकेने आफ्रिकी अजगराचे हे खळगे व्हॅसलिनने बुजवले आणि दाखवून दिले, की खळगे बुजले की साप गरम वस्तूला प्रतिसाद देत नाही. म्हणजे हे खळगे उष्णतेचे डोळेच म्हणायचे. अंधाऱ्या बिळात बसलेल्या अजगराला समोरून जाणारा उंदीर दिसतो तो त्याच्या अंगाच्या उबेमुळे. २०१० साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ही उष्णता टिपणारा नेमका रेणूही शोधून काढला. उष्णता आणि स्पर्श यांच्या जाणिवेवरच्या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता उपासाकडे येऊ. अजगर उपास करतो तो केवळ भक्ष्य मिळाले नाही म्हणून नव्हे, हे युरोपला समजले ते पॅरिसमध्ये, आणि त्या कथेची सुरुवात आपल्या देशात झाली आहे. लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी निसर्ग-अभ्यासक बंगालमध्ये राहून गेला होता. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना ऊब देते, असे त्याने १८३०च्या दशकात पॅरिसच्या विद्वानांना सांगितले. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून देणार? विद्वानांनी त्याला वेड्यात काढले. पण १८४१च्या मे महिन्यात पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातल्याच एका आशियाई अजगर मादीने १५ अंडी घातली आणि ती त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसली. व्हॅलँसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने थर्मामीटर लावून पाहिले, तर मादीचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा खरोखरच गरम! सुमारे दोन महिने ती तशीच बसून होती. या काळात ती पाणी प्यायली, पण तिने काही खाल्ले नाही. शेवटी आठ पिल्ले बाहेर आली. बंगालमधल्या माणसाचे म्हणणे खरे ठरले.

आपला बॉल पायथन असा थरथरून अंग तापवत नाही. पण त्याची मादीही सुमारे दोन महिने अंड्यांभोवती वेटोळे घालून, ओल राखत, बहुधा काही न खाता बसते. वीण घालण्याच्या ऋतूत नरही जेवण सोडतात. पश्चिम आफ्रिकेत कोरड्या ऋतूत ही माणसाळलेली नसलेली जनावरे बिळात पडून राहतात. एखाद्या धडधाकट अजगराने वर्षभराहून अधिक काळ काही न खाता काढल्याची उदाहरणे पाळणाऱ्यांच्या नोंदींत आहेत.

हे त्याला जमते कसे? १९९०च्या दशकात स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बर्मी अजगरावर प्रयोग केले. त्यांत असे दिसले, की उपासाच्या काळात अजगर आपले आतडे जवळजवळ बंद करून ठेवतो. दुकान बंद करून दिवे मालवावेत तसे. ज्याला रोज जेवायचे आहे त्याने पाचकयंत्रणा तयार ठेवलेली परवडते. महिन्याने जेवणाऱ्याला ती चालू ठेवण्याचा खर्च परवडत नाही. आणि भक्ष्य पोटात गेले, की एक-दोन दिवसांत आतड्याचे वजन दुप्पट होते, शरीराचा प्राणवायूचा वापर कित्येक पटींनी वाढतो. २००५ साली दुसऱ्या एका गटाने दाखवून दिले, की जेवणानंतर ४८ तासांत अजगराच्या हृदयाचा स्नायूही सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. जेवण पचले की सगळे पुन्हा पूर्ववत. म्हणजे अजगर सुस्त पडलेला असतो हा आपला समज अर्धाच खरा आहे. जेवणानंतर निपचित दिसणाऱ्या त्या देहात केवढी धामधूम चाललेली असते!

मात्र हे सारे उबेवर अवलंबून आहे. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. गार जागेत त्याला भक्ष्य पचत नाही. ते पोटातच कुजू लागते आणि तो ते उलटून टाकतो. गार पिंजऱ्यातला अजगर जेवण नाकारतो तेव्हा तो हट्ट करत नसतो, तो स्वतःचा जीव वाचवत असतो.

हे ज्ञान येईपर्यंत मात्र जबरदस्तीचा काळ होता. न्यूयॉर्कचे ब्राँक्स प्राणिसंग्रहालय १८९९ साली उघडले. तिथले सर्पतज्ज्ञ रेमंड डिटमार्स यांनी उपाशी राहणाऱ्या प्रचंड अजगराला माणसे लावून धरवले आणि काठीला बांधलेले मेलेले ससे त्याच्या घशात ढकलले. त्यांचा हेतू चांगलाच होता. साप मरू नये म्हणूनच ही खटपट. पण पकडून धरलेला, भेदरलेला साप असा घास पुष्कळदा बाहेर टाकतो, आणि पुढच्या वेळी त्याची भीती आणखी वाढते. आज घशात भरवणे हा शेवटचा उपाय मानला जातो, आणि तो पशुवैद्याच्या देखरेखीखाली करायचा असतो.

बॉल पायथन अमेरिका-युरोपातल्या दुकानांत मोठ्या संख्येने येऊ लागला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. घाना, टोगो आणि बेनिन हे तीन देश त्याचे मुख्य निर्यातदार. सुरुवातीला रानातून पकडलेले मोठे साप येत. स्वस्त असत, स्वभावाने गरीब असत आणि काही केल्या जेवत नसत! ‘बॉल पायथन म्हणजे उपाशी मरणारा साप’ अशी त्याची ख्याती झाली. विकत घेणारा दोन महिने वाट पाही, घाबरून जाई, रोज पिंजरा उघडून नवा उंदीर दाखवी. साप चेंडू करून बसे. अंगात जंत, उघडा काचेचा पिंजरा, दडायला जागा नाही, ऊब नाही, दिवसभर माणसांची वर्दळ. अशा स्थितीत कोण जेवेल?

आणखी एक गंमत होती. या सापापुढे ठेवला जात होता तो प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर. आफ्रिकेतल्या रानात वाढलेल्या सापाच्या लेखी हा पांढरा प्राणी भक्ष्यच नव्हता. त्याचा वास ओळखीचा नव्हता. मंगोलियातले जर्बिल नावाचे उंदरासारखे प्राणी १९५४ साली अमेरिकेत प्रयोगांसाठी आणले गेले होते आणि पुढे ते पाळीव झाले. काही पाळणाऱ्यांनी उपाशी सापापुढे जर्बिल ठेवून पाहिला, तर महिनोन्‌महिने तोंड न उघडणाऱ्या सापाने तो झटक्यात पकडला. कारण पश्चिम आफ्रिकेत जर्बिलचे भाऊबंद आहेत, आणि ते या सापाचे नेहमीचे अन्न आहे. मग पांढऱ्या उंदराला जर्बिलचा वास चोळून देण्याची युक्ती निघाली. ज्याला आपण हट्ट म्हणत होतो ती परक्या ताटासमोर बसलेल्या पाहुण्याची अडचण होती.

रानात हा साप खातो तरी काय? लुइसेली आणि अँजेलिची या दोन इटालियन संशोधकांनी नायजेरियात याचा अभ्यास केला. १९९८ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. लहान साप बहुतांश पाखरे आणि त्यांची पिल्ले खातात, मोठे साप उंदरांसारखे प्राणी खातात. नर झाडावर अधिक चढतात, म्हणून त्यांच्या पोटात पाखरे अधिक. माद्या जमिनीवर, त्यांच्या पोटात उंदीर अधिक. एकाच जातीत नर-मादीची ताटे वेगळी! पिंजऱ्यात मात्र सगळ्यांना एकच पांढरा उंदीर.

पुढे व्यापाराची रीत बदलली. अंड्यांवर आलेल्या माद्या रानातून पकडायच्या, अंडी घालेपर्यंत ठेवायच्या, अंडी उबवायची आणि काही आठवड्यांची पिल्ले परदेशी पाठवायची. पकडलेल्या माद्या आणि काही पिल्ले पुन्हा रानात सोडायची, असा या पद्धतीचा नियम. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘सायटिस’ करार १९७५ साली अंमलात आला. बॉल पायथन त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याची निर्यात परवान्यानेच करायची. तरीही आजवर लाखो साप त्या तीन देशांतून बाहेर गेले. पाळलेल्या सापांपासून पैदास करण्याला खरा वेग आला तो १९९२ साली. बॉब क्लार्क या अमेरिकन पैदासकाराने जन्मतः रंगहीन, पिवळा-पांढरा बॉल पायथन पैदा केला. रानात क्वचित सापडणारा हा रंग पिंजऱ्यात मिळतो म्हटल्यावर एकेक पिल्लू हजारो डॉलरना विकले गेले. आता शेकडो रंग-नक्षींचे प्रकार बाजारात आहेत.

पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाने जेवणाचा प्रश्न पुष्कळ सोपा केला. अंड्यातून बाहेर आल्यावर सुरुवातीला पोटातल्या बलकावर त्याचे भागते. आठ-दहा दिवसांनी ते पहिली कात टाकते आणि मग पहिला घास घेते. त्या वयात पांढरा उंदीर खाल्ला, की तोच त्याच्या ओळखीचा होतो. जिवंत उंदीर सोडण्याची पद्धतही मागे पडत चालली आहे. कारण साप भुकेला नसेल तर पिंजऱ्यातला उंदीर गप्प बसत नाही. तो सापालाच कुरतडतो, आणि त्यात सापाचे डोळे गेल्याची, सापच मेल्याची उदाहरणे आहेत. आता गोठवलेला उंदीर वितळवायचा, कोमट करायचा आणि लांब चिमट्याने संध्याकाळी सापापुढे धरायचा. अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा उंदीर, पिल्लाला आठवड्याने, मोठ्या सापाला दोन ते चार आठवड्यांनी. बाकीचे काम अंधारी दडणजागा, एका बाजूला ३२ अंशांच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या बाजूला गारवा, एवढ्याने होते. नाही जेवला तर उंदीर उचलायचा आणि पंधरा दिवस सापाला हातही लावायचा नाही. वजन टिकून असेल तर चिंता नको. वजन भराभर उतरत असेल तर पशुवैद्य गाठायचा. दोनशे वर्षांच्या खटाटोपाचे सार असे चार ओळींत मावते.

अर्थात माणसाची घाई गेली असे नाही. तिने फक्त दिशा बदलली. पूर्वी साप उपाशी मरत, आता ते लठ्ठ होतात. मादी लवकर वाढावी, लवकर अंडी घालावी म्हणून तिला भराभर खाऊ घालतात. रानात उपास आणि मेजवानी यांचा जो तोल होता, तो पिंजऱ्यात सुटला. वास्तविक या सापाला घाईची गरजच नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली दाखल झालेली एक बॉल पायथन मादी २०२० साली, वयाची साठी ओलांडल्यावर, नर जवळ नसताना सात अंडी घालून बसली! साठ वर्षे जगणाऱ्या जिवाला महिनाभराच्या उपासाचे काय?

आपल्याकडे काय स्थिती आहे? सापाला चुकीचे खाऊ घालण्यात आपणही मागे नव्हतो. नागपंचमीला नागाला दूध पाजायची रीत आपली. साप दूध पचवू शकत नाही. गारुडी त्याला कित्येक दिवस तहानलेले ठेवतात म्हणून तो समोर येईल ते पितो, आणि त्यानेच पुढे मरतो. हे सांगणारे सर्पमित्र गावोगाव तयार झाले आणि कायदाही कडक झाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला भारतीय अजगर पाळता येत नाही. परदेशी सापांबाबत मात्र बरीच वर्षे संदिग्धता होती, आणि बॉल पायथन शहरांत छुप्या वाटांनी येत राहिला. मुंबईसह आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या सामानात हे साप सापडल्याच्या बातम्या अलीकडे आपण वाचल्या आहेत. २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, सायटिसच्या यादीतले असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करणे बंधनकारक झाले.

कायद्याची ही बाजू केवळ कागदाची नाही. चोरून आणलेला साप पिशवीत गुंडाळून, गारठ्यात, उपाशीपोटी येतो. घरी आल्यावर तो चेंडू करून बसतो आणि जेवत नाही. मालकाला तो पशुवैद्याकडे नेता येत नाही, कारण बिंग फुटेल. मग तो सल्ला घेतो तो दुसऱ्या तशाच मालकाचा: ‘घशात कोंब’, ‘जिवंत उंदीर सोड’. म्हणजे टॉवर आणि ब्राँक्सचा जुना धडा पुन्हा पहिल्यापासून. आणि साप कंटाळून बाहेर सोडून दिला, तर त्याच्या अंगावरचे परके रोग आपल्या रानातल्या सापांना लागण्याची भीती असते, ती वेगळीच.

विदाच्या मंदिरातला पुजारी आणि आपला अवधूत यांची कधी गाठ पडली असण्याचा संभव नाही. पण दोघांनी अजगराकडे पाहिले ते सारख्याच नजरेने: हा जीव आपल्या वेळेने चालतो, त्याला आपल्या वेळेला बांधू नये. विज्ञानाने त्यांच्या पाहण्याला कारणे जोडली. ज्याला ही वाट पाहणे जमत नाही, त्याने अजगर पाळण्याच्या भरीस पडू नये. दत्तात्रेयांनी अजगराला गुरू केले ते लांबून पाहून. त्यासाठी त्यांना तो पिंजऱ्यात ठेवावा लागला नव्हता.